आकडा खरा, निकाल खोटा

वीस अश्वशक्ती. मोटारसायकलींवरच्या वादात हा आकडा हल्ली शिवीसारखा फेकला जातो. रॉयल एन्फिल्डच्या आजच्या बुलेटचं वजन १९५ किलो, इंजिन ३४९ सीसीचं आणि ताकद २०.२ अश्वशक्ती. तिच्या शेजारी पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक उभी करा. तिचं २०१७ सालचं ३७३ सीसीचं इंजिन सुमारे ४३ अश्वशक्ती देत होतं, आणि गाडी वजनालाही हलकी. सीसी जवळपास तेवढेच, ताकद दुपटीहून जास्त. इथपर्यंत वादाला जागाच नाही. वाद पुढच्या वाक्यावर आहे. ते वाक्य असं, की म्हणून ड्यूकचं इंजिन चांगलं, बुलेटचं टाकाऊ, आणि पैसे मोजून ती घेणारा माणूस एक तर अडाणी किंवा नावाला भुललेला.

हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू येतं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये ऐकू येतं. भाचा पहिली गाडी घ्यायला निघाला की मामा त्याला ते ऐकवतो, नाही तर भाचा मामाला. ते बुलेटपुरतंही राहिलेलं नाही. रॉयल एन्फिल्डच्याच इंटरसेप्टरमध्ये ६४८ सीसी असून ४७च अश्वशक्ती का, स्प्लेंडरला इंजिन तरी का म्हणायचं, ट्रायम्फ स्पीड ४०० आणि नवी ड्यूक यांचे सिलिंडर एकाच मापाचे असताना कमी ताकदीची गाडी का घ्यायची, हे सगळे प्रश्न एकाच समजुतीतून निघतात. दोन इंजिनांची तुलना म्हणजे त्यांच्या दोन कमाल आकड्यांची तुलना, ही ती समजूत. ती चुकीची आहे. आणि निरुपद्रवीही नाही, कारण तिच्यापायी माणसं स्वतःला न मानवणारी गाडी घरी आणतात आणि दोन वर्षांत विकून टाकतात.

आकड्यांच्या बाजूने जे आहे ते आधी पूर्ण मान्य करायला हवं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या पायथ्याला दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि दोघांनीही रेस मनापासून पिळली, तर घाटमाथ्यावर ड्यूक आधी पोहोचेल. दर वेळी पोहोचेल. ‘बुलेटला टॉर्क आहे, चढावर ती मागे पडत नाही’ हे उत्तर इथे टिकत नाही. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या, याहून वेगळं काही नाही. बुलेट मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर २७ न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे त्या क्षणी साधारण १५ अश्वशक्ती. ड्यूक ७,००० फेऱ्यांवर ३७ न्यूटन-मीटर देते, म्हणजे ३६ अश्वशक्ती. योग्य गियर टाकला की मागच्या चाकाला मिळणारा रेटा ताकदीवर ठरतो, आणि गियर टाकण्यासाठीच दिलेले असतात. घड्याळ हातात धरलं तर निकाल एकच.

मात्र मोटारसायकल चालवणारा माणूस घड्याळाशी क्वचितच लढत असतो. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात तिसऱ्या गियरमध्ये, डबल सीट, मागे कपड्यांची बॅग बांधलेली, आणि वळणावर समोरून एसटी आली, म्हणून वेग पंचविसावर उतरलेला. एसटी गेल्यावर बुलेटवाला काहीच करत नाही, फक्त मनगट वळवतो आणि गाडी उचलते. ड्यूकच्या स्वाराला त्या वेगात तिसरा गियर चालत नाही. चेन झटके देते, इंजिन कुरकुरतं, म्हणून तो गियर खाली टाकतो, रेस वाढवतो आणि बुलेटच्या आधी वळणाबाहेर पडतो. ज्याला हे गियर खाली टाकणं, रेस जुळवणं, टॅकोमीटरचा काटा वर चढताना ऐकणं आवडतं, त्याच्यासाठी तो कष्ट नाही. त्याचसाठी तो घाटात आलेला असतो. ज्याला ते नको आहे, त्याने ४३ अश्वशक्ती विकत घेतल्या तरी तो त्या वापरणार नाही. तो ४,००० फेऱ्यांवरच गाडी चालवणार, आणि तिथे त्या ४३ मधला मोठा हिस्सा अजून जागाच झालेला नसतो.

कमाल आकडा इंजिनाच्या एका टोकाचं वर्णन करतो. स्वार त्या टोकाला राहतो की नाही, हे आकड्याला ठाऊक नसतं.

आता बुलेटच्या समर्थकांकडे वळायला हवं, कारण त्यांची निवड योग्य असली तरी त्यांची वकिली फार कच्ची आहे, आणि कच्च्या वकिलीमुळे चांगला खटलाही हरतो. त्यांचं लाडकं विधान असं: ‘लाँग स्ट्रोक इंजिन आहे, म्हणून टॉर्क जास्त.’ रॉयल एन्फिल्डच्याच, २००९ साली आलेल्या क्लासिक ३५० च्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० होता, म्हणजे सिलिंडर अरुंद आणि पिस्टनचा प्रवास लांब. ड्यूकच्या ३७३ सीसी इंजिनात उलट, बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०. लांब स्ट्रोकमुळे क्रँक लांब होतो, क्रँक लांब म्हणजे पहार लांब, आणि पहार लांब म्हणजे जोर जास्त, असा हा हिशेब. दिसायला बिनतोड वाटतो. त्यात एक गोष्ट सुटते. सिलिंडर अरुंद केला की पिस्टनचं क्षेत्रफळ घटतं, आणि जळणाऱ्या वायूचा दाब त्या क्षेत्रफळावरच काम करतो. पहार लांब झाली खरी, पण ती दाबणारा हात तेवढ्याच प्रमाणात लहान झाला. दोन्हींचा गुणाकार शेवटी सिलिंडरच्या आकारमानाशी येऊन थांबतो.

पटत नसेल तर एक साधा भागाकार करून पाहावा. क्लासिक ३५० चं ते इंजिन ३४६ सीसीमधून २८ न्यूटन-मीटर देत होतं, म्हणजे दर शंभर सीसीमागे ८.१. हिरोची स्प्लेंडर ९७.२ सीसीमधून ८.०५ न्यूटन-मीटर देते, म्हणजे दर शंभर सीसीमागे ८.३. स्प्लेंडरचा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५, जवळजवळ चौरस. लांब स्ट्रोकचा अभिमान सांगणारं इंजिन आणि शाळेतल्या शिक्षकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे चालवतात ते इंजिन, सीसीच्या प्रमाणात दोघांचा टॉर्क सारखाच, किंबहुना स्प्लेंडरचा कणभर जास्त. आखूड स्ट्रोकच्या ड्यूकचा तर दर शंभर सीसीमागे ९.९. स्ट्रोक टॉर्क देतो ही गोष्ट या तीन गाड्यांसमोरच कोसळते.

मग स्ट्रोकचा परिणाम होतो कुठे? तो ठरवतो की इंजिन किती वेगात फिरू शकेल. ९० मिलिमीटरचा स्ट्रोक ५,२५० फेऱ्यांवर फिरताना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेसोळा मीटर होतो. तेच इंजिन ड्यूकसारखं ९,००० फेऱ्यांवर नेलं, तर हा वेग २७ मीटरवर जाईल. मिनिटाला १८,००० फेऱ्या घेणाऱ्या फॉर्म्युला वनच्या व्ही-८ इंजिनांतही तो चोवीसच्या आसपास असे. रोजच्या वापरातलं इंजिन हे सोसूच शकणार नाही. शिवाय अरुंद सिलिंडरच्या माथ्यावर मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा नसते, त्यामुळे वरच्या फेऱ्यांवर इंजिनाला श्वासही पुरत नाही. म्हणून असं इंजिन बांधणारा अभियंता वरची बाजू सोडून देतो आणि कॅम, व्हॉल्व्ह, हवेचा मार्ग असं सगळं खालच्या फेऱ्यांसाठी जुळवतो. बुलेटचा टॉर्क जास्त नाही, तो लवकर येतो. स्प्लेंडरला कमाल टॉर्कसाठी ६,००० फेऱ्या लागतात, बुलेटला ४,००० पुरतात. बुलेटवाल्याने अभिमानाने सांगायची गोष्ट ही आहे, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

दुसरी खरी गोष्ट फ्लायव्हीलची. कुंभाराचं चाक एकदा फिरवून दिलं की काठी बाजूला ठेवली तरी ते फिरत राहतं, कारण चाक जड असतं. जुन्या बुलेटच्या क्रँकवर असंच जड वजन बसवलेलं असे. ते इंजिनाला एका न्यूटन-मीटरचीही भर घालत नाही. पण दोन स्फोटांच्या मधल्या रिकाम्या जागेत इंजिनाला फिरतं ठेवतं, आणि त्यामुळेच गाडी चालत्या माणसाच्या वेगाने क्लच न दाबता पुढे सरकते. याची किंमतही मोजावी लागते. जड चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून रेस पिळल्यावर बुलेट तडफेने उत्तर देत नाही. मंडईच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्याला यातला फायदा दिसतो, ट्रॅकवर जाणाऱ्याला तोटा.

आवाजाबद्दलही असाच गोंधळ आहे. बुलेट आणि ड्यूक ही दोन वेगळ्या जातींची इंजिनं आहेत असं धरून लोक बोलतात. दोन्ही एकाच सिलिंडरची, फोर स्ट्रोक इंजिनं आहेत. दोन्हींत क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. फरक इतकाच, की बुलेट २,४०० फेऱ्यांवर निवांत चाललेली असते, म्हणजे सेकंदाला २० ठोके, आणि तेवढे ठोके माणसाचा कान सुटे सुटे ओळखू शकतो. ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० ठोके पडतात, ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सूर होतो. ‘शिलाई मशीन’ म्हणून हिणवला जाणारा आवाज आणि डोळे मिटून ऐकला जाणारा आवाज, दोन्ही एकाच रचनेतून निघतात. चालवणारा ती रचना कोणत्या फेऱ्यांवर ठेवतो, एवढाच प्रश्न असतो.

या ठोक्याचीही एक बाजू बुलेटप्रेमी सांगत नाहीत. एकटा पिस्टन वर-खाली धावतो तेव्हा त्याला तोलणारं समोर कोणी नसतं. जुन्या इंजिनांत ही हादऱ्यांची ताकद थेट हँडल आणि पायदानांत उतरे, वेग वाढला की आरशात मागची गाडी ओळखू येत नसे, आणि लांबच्या प्रवासानंतर तळहात बधिर होत. २०२० साली मिटीऑरमध्ये आलेल्या नव्या ३४९ सीसी इंजिनात कंपनीने बॅलन्सर शाफ्ट बसवला आणि स्ट्रोकही ८५.८ मिलिमीटरवर आणला. हादरे कमी झाले. त्यावर जुन्या चाहत्यांनी तक्रार केली की गाडीचा जीव गेला. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही, पण मानायचीही नाही. ठोका इंजिनाच्या स्फोटातून येतो आणि तो अजून शाबूत आहे. गेला तो हादरा.

आकड्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा दावा अजून शिल्लक आहे. तो असा, की आवड, मनगटाला लागणारा अंदाज, गाडीचा स्वभाव या गोष्टी हौशी लोकांच्या गप्पा आहेत आणि खऱ्या कामगिरीच्या जागी त्यांना स्थान नाही. या दाव्याची परीक्षा जिथे सगळ्यात कडक होईल, तिथेच घ्यायला हवी. म्हणजे जागतिक मोटारसायकल शर्यतींत.

२००३ च्या मोटोजीपी हंगामात यामाहाला एकही शर्यत जिंकता आली नाही. त्यानंतर होंडा सोडून व्हॅलेंटिनो रॉसी यामाहाकडे आला. २००४ च्या सुरुवातीला मलेशियातल्या सेपांगच्या ट्रॅकवर अभियंता मासाओ फुरुसावा यांच्या पथकाने त्याच्यासमोर वेगवेगळ्या रचनेची चार-सिलिंडर इंजिनं ठेवली. एका प्रकारात नेहमीचा सपाट क्रँक होता. त्यात चारही पिस्टन एकाच क्षणी टोकाला जाऊन थांबतात आणि एकाच क्षणी पुन्हा धावू लागतात. दुसऱ्यात क्रँकच्या भुजा एकमेकींशी काटकोनात होत्या, त्यामुळे एक जोडी थांबते तेव्हा दुसरी पूर्ण वेगात असते. फुरुसावांचं म्हणणं असं, की सपाट क्रँकमध्ये पिस्टनच्या थांबण्या-धावण्याने क्रँकला स्वतःचे हिसके बसतात, आणि त्या गोंगाटात इंधनाच्या जळण्यातून येणारा खरा टॉर्क स्वाराच्या हाताला नीट कळत नाही. काटकोनी क्रँकमध्ये हा गोंगाट जवळपास मिटतो. मनगट किती वळवलं आणि मागच्या टायरला काय मिळालं, हे थेट कळतं. रॉसीने काटकोनी क्रँक निवडला. १८ एप्रिल २००४ ला दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला झालेली हंगामातली पहिलीच शर्यत त्याने जिंकली आणि वर्षअखेर विश्वविजेतेपदही. पुढे २००९ मध्ये यामाहाने हाच क्रँक रस्त्यावरच्या आर-वनमध्ये दिला.

जगातल्या सगळ्यात महागड्या, सगळ्यात मोजमाप झालेल्या मोटारसायकलींच्या दुनियेत निर्णायक ठरली ती एका स्वाराच्या हाताची जाण. आणि त्या हाताला काय हवं होतं, तर ताकदीचा नीट कळणारा प्रवाह.

यावर कोणी म्हणेल, मग काटकोनी क्रँक सर्वांत चांगला, आकड्याऐवजी दुसरा एक निकष मिळाला. त्यासाठी होंडाचा स्वार मिक डूहन याची गोष्ट लक्षात ठेवावी. १९९२ साली होंडाने ५०० सीसीच्या टू स्ट्रोक शर्यतींत ‘बिग बँग’ इंजिन आणलं. चारही सिलिंडरचे स्फोट जवळजवळ एकामागोमाग उरकायचे आणि मग टायरला विसावा द्यायचा, ही त्यामागची कल्पना. गाडी हाताळायला सोपी झाली आणि बाकीच्यांनीही तीच वाट धरली. डूहनने १९९७ मध्ये उलट केलं. समान अंतराने स्फोट होणारं, सतत किंचाळणारं, चालवायला अवघड असं जुन्या रचनेचं इंजिन त्याने मागून घेतलं. त्याला मनगटाच्या हालचालीला तत्काळ, धारदार उत्तर हवं होतं. त्या हंगामातल्या १५ पैकी १२ शर्यती त्याने जिंकल्या. रॉसी आणि डूहन या दोन महान स्वारांनी स्फोटांच्या अंतराबद्दल अगदी विरुद्ध निवडी केल्या, आणि दोघेही बरोबर होते, कारण दोघांचे हात वेगळे होते. निकष स्वाराकडून यंत्राकडे जातो. तो उलटा फिरवता येत नाही.

इंटरसेप्टर ६५० च्या ४७ अश्वशक्तींना हिणवणाऱ्यांनी इथे थांबून तिच्या क्रँककडे पाहावं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातून निघालेल्या मूळ इंटरसेप्टरमध्ये दोन्ही पिस्टन बरोबरीने वर-खाली होत. २०१८ मध्ये तेच नाव परत आणताना कंपनीने क्रँक २७० अंशांचा ठेवला, म्हणजे दोन पिस्टनमध्ये काटकोन. सेपांगच्या त्या इंजिनामागचं तत्त्व दोन सिलिंडरमध्ये हे असंच दिसतं. आणि कमाल आकडा ४७ वरच का थांबला? युरोपात मधल्या टप्प्याच्या परवान्यासाठी ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, ती सुमारे ४७ अश्वशक्ती भरते. केटीएमच्या १२५ ड्यूकला १५ अश्वशक्ती मिळाल्या, कारण त्याच्या खालच्या परवान्याची मर्यादा ११ किलोवॅट आहे. ज्या आकड्यावर इथे इंजिनाची लायकी ठरवली जाते, तो कित्येकदा परवान्याच्या नियमावरून ठरलेला असतो.

चाकणच्या परिसरातही याचा पुरावा उभा आहे. बजाजने डिसेंबर २०१६ मध्ये डॉमिनार ४०० बाजारात आणली. सीसी ड्यूकचेच, ३७३. बोअर आणि स्ट्रोकही तेच, ८९ आणि ६०. पण दोनऐवजी एक कॅमशाफ्ट, ८,००० फेऱ्यांवर ३५ अश्वशक्ती आणि ६,५०० फेऱ्यांवर ३५ न्यूटन-मीटर. इंजिन मुद्दाम खालच्या फेऱ्यांवर आणलं, कारण गाडी लांबच्या प्रवासासाठी होती. पुढे २०१९ मध्ये तिलाही दोन कॅमशाफ्ट मिळाले आणि ताकद ४० पर्यंत गेली, हेही नोंदवायला हवं. कंपन्या आकड्याच्या दडपणाखाली असतातच. तरीही ४३ पर्यंत ती नेली नाही. मग २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० आली, तीही चाकणहून. बोअर ८९, स्ट्रोक ६४, ताकद ४०. त्याच वर्षीच्या नव्या ३९० ड्यूकचं मापही ८९ आणि ६४, ताकद मात्र ४६. एकाच मापाच्या सिलिंडरमधून दोन गावं वसवली गेली. कमी ताकदीचं गाव चुकून वसलं असं मानणाऱ्याने ते बांधणाऱ्या अभियंत्यांना मूर्ख ठरवण्याची तयारी ठेवावी.

कमाल आकडा हाच निकष असता, तर आपल्या देशातली मोटारसायकलींची चाळीस वर्षं वेगळीच दिसली असती. १९८५ साली एकमेकांच्या मागोमाग दोन गाड्या आल्या. यामाहाची आरएक्स १००, ९८ सीसी, टू स्ट्रोक, ११ अश्वशक्ती. हिरो होंडाची सीडी १००, ९७.२ सीसी, फोर स्ट्रोक, सातच्या आसपास. सीसी सारखे, वजनात फार अंतर नाही, आणि ताकदीत दीडपटीचा फरक. आरएक्सची उचल ज्याने अनुभवली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो, मधली मोकळी फेरी नसतेच, म्हणून दर शंभर सीसीमागचा तिचा टॉर्क दहाच्या वर जातो, बुलेट आणि ड्यूक दोघींपेक्षा जास्त. पण त्याच रचनेत आत येणारं ताजं मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर यांच्या वाटा काही काळ एकदमच उघड्या राहतात, त्यामुळे पेट्रोलचा चांगलाच हिस्सा न जळता सायलेन्सरवाटे निघून जातो. धुराचे नियम कडक होत गेले तसं या इंजिनाला जावं लागलं. सरकारने आरएक्सला मारलं असं तिचे भक्त आजही सांगतात. त्यांचं प्रेम समजण्यासारखं आहे, पण त्या धुरात शाळेत जाणाऱ्या पोरांची फुप्फुसं होती, हे विसरून चालणार नाही.

आरएक्स १९९६ ला थांबली. सीडी १०० चं इंजिन, जवळपास त्याच ५० आणि ४९.५ च्या मापाचं, स्प्लेंडरच्या पोटात आजही धावतं आहे. ते घेणाऱ्या कोट्यवधी लोकांना ताकदीतला फरक कळत नव्हता असं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज तीस किलोमीटर जाणाऱ्या शिक्षकाला, कॅन लावून डेअरीवर जाणाऱ्या दूधवाल्याला, गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या गाडीवर दिवसभर भाडी मारणाऱ्या पायलटला इंजिनाकडून काय हवं हे पक्कं माहीत होतं. लिटरमागे जास्तीत जास्त किलोमीटर, एका किकमध्ये सुरू होणं, आणि गावातल्या मेकॅनिकला उघडता येणं. ही माणसं दिवसातले कित्येक तास गाडीवर असतात. इंजिनाची पारख त्यांना नाही असं म्हणणं उद्धटपणाचं आहे.

ताकदवान गाडी मागणाऱ्याची निवडही तितकीच रास्त आहे. ‘आपल्या रस्त्यांवर ४३ अश्वशक्ती कशाला’ हा बुलेटवाल्यांचा टोमणा तेवढाच पोकळ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे सगळ्या मोटारसायकलींना जुन्या रस्त्याने, बोरघाटातून जावं लागतं, आणि तिथे वेगाला फारसा वाव नाही, हे खरं. पण मुंबई-गोवा मार्गाच्या अजून न रुंदावलेल्या एखाद्या टप्प्यावर ट्रकला ओलांडताना समोरची मोकळी जागा काही सेकंदांचीच मिळते. तिथे गियर खाली टाकून ते सेकंद कमी करणारं इंजिन हवं असं वाटणाऱ्याने आपल्या जिवाचा विचार केलेला असतो. त्याला दिखाऊ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसंच अशा गाडीवर पुण्याच्या सिग्नलला मे महिन्यात उभं राहिल्यावर रेडिएटरचा पंखा मांड्यांवर जो झोत सोडतो, तो सोसायचा की नाही, हेही त्यानेच ठरवायचं आहे.

आवडीच्या या हक्कातून एक गोष्ट मात्र वगळायला हवी. सायलेन्सर काढून त्या जागी इंदोरी किंवा फटाका सायलेन्सर बसवणारे ‘आम्हाला आवाज आवडतो’ असं म्हणतात. इंजिनाचा स्वभाव स्वाराच्या हाताला आणि पायाला कळतो. तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या तान्ह्या मुलाला तो कळवण्याची काही गरज नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, ते योग्यच केलं. आतली जाळी काढल्याने २० अश्वशक्तींच्या २५ होत नाहीत, आणि ठोका खोलही होत नाही, तो फक्त फाटतो.

आकड्यांच्या बाजूचं एक शेवटचं उत्तर असतं. ते म्हणतात, जुनी रचना टिकते ती कंपनीला नवी जमत नाही म्हणून, जमली असती तर तिने कधीच बदलली असती. २०२३ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला रॉयल एन्फिल्डने नवी बुलेट आणली, हवेवर थंड होणारी, ४,००० फेऱ्यांवर कमाल टॉर्क देणारी, २०.२ अश्वशक्तींची. तीनच महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, गोव्यात वागातोरला भरलेल्या आपल्या मेळाव्यात त्याच कंपनीने नव्या हिमालयनची किंमत जाहीर केली. द्रवशीतित इंजिन, बोअर ८४, स्ट्रोक ८१.५, ८,००० फेऱ्यांवर ४० अश्वशक्ती. एका गाडीचं वजन १९५ किलो, दुसरीचं १९६. दुप्पट ताकदीचं इंजिन हाताशी तयार असताना कंपनीने बुलेट बंद केली नाही. तिच्या शोरूममध्ये या दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि दोन्हींची किल्ली मागून फेरी मारून बघता येते.